रेकॉर्डिंगचा बॉक्स घ्यायच्या आधी

टीव्हीवरचं रेकॉर्ड करणारा डबा, म्हणजे डिजिटल व्हिडिओ रेकॉर्डर, हवा असेल तर चिपळूणच्या बाजारात जाऊन नुसतं "डीव्हीआर दाखवा" म्हणू नका. मी तसं म्हटलं होतं. दुकानदाराने लगेच एक काळा, चपटा डबा समोर ठेवला आणि विचारलं, "चार चॅनेलचा देऊ की आठ?" मला वाटलं, चार चॅनेल एकदम रेकॉर्ड होतात म्हणजे फारच छान. सुदैवाने मी डबा उलटा करून मागची बाजू बघितली. आमच्या केबलची वायर जिथे पिळून बसवतात तसली आट्यांची पिनच तिथे नव्हती. ओळीने चार गोल पिना होत्या, दाबून फिरवायच्या. तो सीसीटीव्हीचा डीव्हीआर होता. चार चॅनेल म्हणजे चार कॅमेरे. आपल्याकडे बागेला, दुकानाला कॅमेरे लावायला लागल्यापासून बाजारात डीव्हीआर या शब्दाचा अर्थ तोच झाला आहे. टीव्हीवरचं रेकॉर्ड करायचं असेल तर "रेकॉर्डिंगवाला सेटटॉप बॉक्स" असंच म्हणायचं.

आणि तोही दुकानात शोधायचा नाही, केबलवाल्याकडे मागायचा. याचं कारण समजून घ्या, म्हणजे पैसे वाया जाणार नाहीत. पूर्वी केबलची वायर व्हीसीआरला लावली की झालं, हवं ते टेपवर उतरायचं. मग केबल डिजिटल करायचा कायदा आला. मुंबई-दिल्लीकडून सुरुवात झाली आणि आपल्यासारख्या गावांचा चौथा टप्पा होता, त्याची शेवटची तारीख ३१ मार्च २०१७. तेव्हापासून वायरीतून येणारं चित्र कुलूपबंद येतं आणि त्याची किल्ली फक्त तुमच्या केबलवाल्याने दिलेल्या बॉक्समध्ये असते. बाहेरून कितीही महाग रेकॉर्डर आणला तरी त्याला ते कुलूप उघडत नाही. म्हणून आधी विचारायचं ते केबलवाल्याला: तुमच्याकडे रेकॉर्डिंग होणारा बॉक्स आहे का, आणि रेकॉर्डिंग सुरू करून द्यायचे वेगळे पैसे पडतात का? बॉक्सला यूएसबीचं भोक असतं, पण रेकॉर्डिंग वरून बंद ठेवलेलं असतं, असंही होतं. नुसतं भोक बघून हो म्हणू नका. रिमोटवर लाल ठिपक्याचं बटण आहे का ते बघा, आणि ते दाबून त्याच्यासमोरच पाच मिनिटं रेकॉर्ड करून दाखवायला सांगा.

हे सगळं करायची गरज मला का पडली ते सांगते, कारण बॉक्स कसा हवा हे त्यावरच ठरतं.

आमचं घर गुहागरच्या दक्षिणेला, पालशेतच्या बाजूला सुपारीच्या आगरात. आमचे हे एसटीत चालक आहेत. दोन दिवसांआड वस्तीची गाडी असते, म्हणजे रात्री गाडी दुसऱ्या गावात उभी आणि हेही तिकडेच. क्रिकेटचा सामना हमखास त्याच रात्री असतो. मी घरगुती खानावळ चालवते, पर्यटक असले की साडेसात ते साडेनऊ मी चुलीपुढून हलत नाही. सासूबाईंना संध्याकाळच्या तीन मालिका लागतात, पण त्यांचा डोळा मध्येच लागतो आणि सकाळी त्या मला विचारतात, "काल पुढे काय झालं गो?" मला ते सांगता येत नाही, कारण मी तेव्हा सोलकढी गाळत असते. तीन माणसं, तिघांचं वेगवेगळं चुकतं. एका वहीत मी पंधरा दिवस लिहून ठेवलं: कुणाचं काय चुकलं, किती वाजता, आणि त्याच वेळी टीव्हीवर दुसरं कोण काय बघत होतं. हा शेवटचा रकाना सगळ्यात उपयोगी पडला.

त्यातून कळलं की आमच्या घरात रेकॉर्ड करायचं चॅनेल आणि बघायचं चॅनेल बहुतेक वेळा वेगळं असतं. साध्या बॉक्समध्ये ट्यूनर, म्हणजे चॅनेल पकडणारा भाग, एकच असतो. जे लागलंय तेच रेकॉर्ड होतं. सासूबाई मालिका बघत असताना मॅच रेकॉर्ड करायची म्हणजे त्यांना टीव्हीपुढून उठवायचं. ते मी करणार नाही. दोन ट्यूनरचा बॉक्स असेल तर एक चॅनेल बघता येतं आणि दुसरं मागे गुपचूप उतरत राहतं. तुमच्याकडे एकटंच माणूस असेल, किंवा दिवसा सगळे कामावर आणि टीव्ही बंद असेल, तर एक ट्यूनर पुरतो. जादा पैसे घालू नका. आमच्यासारखं एका टीव्हीभोवती तीन पिढ्यांचं घर असेल तर मात्र बाकी सगळं मागे ठेवा आणि दोन ट्यूनर आधी मागा. केबलच्या बॉक्सला त्यासाठी एकच वायर पुरते, कारण सगळी चॅनेलं एकाच वायरीतून येतात. छत्रीवाल्या डीटीएचला बहुधा छत्रीपासून दोन वायरी ओढाव्या लागतात. बसवणारा माणूस घाईत असला की एकच ओढतो, आणि मग दुसरा ट्यूनर असून नसल्यासारखा.

आता जागेचं गणित. दुकानात आणि फोनवर लोक एक टीबी, दोन टीबी असं काहीही सांगतात. साध्या चॅनेलचं चित्र साधारण सेकंदाला २ मेगाबिट वेगाने येतं असं धरलं तर तासाला सुमारे ९०० एमबी लागतात. एचडीचं ८ मेगाबिट धरलं तर तासाला ३.६ जीबी. सासूबाईंच्या तीन मालिका, अर्ध्या अर्ध्या तासाच्या, आठवड्यातले सहा दिवस: नऊ तास, म्हणजे आठ जीबी. बघून झाल्या की त्या पुसल्या जातात. टी-ट्वेंटीचा एक सामना एचडीत चार तास धरला तर चौदा-पंधरा जीबी. ५०० जीबीची डिस्क आमच्या घराला भरून उरते. त्यात साधी चॅनेलं पाचशेच्या वर तास मावतात, एचडी सव्वाशेच्या वर. मोठी डिस्क घेतली की माणूस पुसायचं विसरतो, मग यादी इतकी लांबते की सासूबाईंना कालचा भाग सापडत नाही. याहून मोठ्या डिस्कचे पैसे दुसरीकडे लावा, कुठे ते पुढे सांगते.

डिस्क बॉक्सच्या आत असेल तर तुम्हाला निवड करायची नाही. बाहेरून यूएसबीला लावायची असेल तर पेनड्राईव्ह घेऊ नका, हे मी अनुभवाने सांगते. चालू कार्यक्रम थांबवायची सोय असलेला बॉक्स टीव्ही चालू असेपर्यंत सतत लिहीत राहू शकतो. पेनड्राईव्ह त्याने तापतो आणि लवकर मरतो. आमचा एक पावसाळ्याच्या आत गेला. फिरत्या चकतीची लहान हार्डडिस्क चालते, पण तिला वीज जास्त लागते. बॉक्सचं जुनं यूएसबी भोक ५०० मिलिअँपियरच देण्याच्या हिशेबाचं असतं. डिस्क सुरू होताना टक, टक, टक असा आवाज येऊन बंद पडत असेल तर बहुधा डिस्क खराब नसते, तिला पोटभर वीज मिळत नसते. तेव्हा स्वतःचा ॲडॅप्टर असलेली डिस्क घ्या किंवा ॲडॅप्टरवाला यूएसबी हब मध्ये लावा. दुसरं, डिस्क कुठल्या फॉर्मॅटची हवी ते विचारा. फॅट-३२ मध्ये एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही. एचडी रेकॉर्डिंग सत्तरेक मिनिटांत तिथे पोचतं. चांगला बॉक्स तिथून दुसरी फाइल सुरू करतो, वाईट बॉक्स रेकॉर्डिंग थांबवतो. सामना असला तर तिथून पुढच्या सगळ्या षटकांना मुकाल. ट्रायलला दीड तासाचं एचडी रेकॉर्डिंग करून शेवटपर्यंत आहे का ते बघा, म्हणजे कळेल.

आता जे मला सगळ्यात मनापासून सांगायचं आहे ते.

माझे वडील नमन-खेळ्यांत मृदंग वाजवायचे. शिमग्यात गावोगाव खेळे घेऊन जायचे, गण-गौळण सुरू झाली की त्यांचा हात बघायला लोक पुढे सरकून बसायचे. एकदा दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर कोकणच्या लोककलांचा एक कार्यक्रम लागला आणि त्यात त्यांचं मंडळ दिसलं. बारा मिनिटं. त्यातली चाळीसएक सेकंद नुसते वडिलांचे हात होते, मृदंगाच्या मधल्या काळ्या शाईवर पडणारी बोटं अगदी जवळून. मी ते आमच्या बॉक्सवर रेकॉर्ड केलं. वडील गेल्यावर आईला घेऊन बसायचे आणि तेवढंच लावायचे. ती बघायची आणि दर वेळी म्हणायची, "डावा हात बघ कसा पडतो."

मग एका पावसाळ्यात बॉक्स बंद पडला. केबलवाल्याने नवा बॉक्स दिला. मी निर्धास्त होते, कारण रेकॉर्डिंग बॉक्समध्ये नव्हतं, बाहेरच्या हार्डडिस्कवर होतं. नव्या बॉक्सला डिस्क लावली तर टीव्हीवर इंग्रजीत एक चौकट आली: ही डिस्क वापरण्यासाठी फॉर्मॅट करावी लागेल, हो की नाही. मी नाही दाबलं. डिस्क भाच्याच्या कॉम्प्युटरला लावली. फाइल दिसत होती, नावासकट, तारखेसकट. उघडत नव्हती. कंपनीच्या नंबरवर फोन केला तेव्हा उत्तर मिळालं की रेकॉर्डिंगला त्या बॉक्सचं कुलूप असतं, बॉक्स गेला की रेकॉर्डिंग गेलं. बॉक्स देताना हे मला कुणी सांगितलं नव्हतं. जुना बॉक्स परत मागितला तर तो तालुक्याहून पुढे गेला होता.

दूरदर्शनचे पुष्कळ कार्यक्रम यूट्यूबवर आहेत. मी शोधले, अजून शोधते. तो सापडलेला नाही. ती डिस्क मी पुसलेली नाही, कपाटात आहे.

म्हणून बॉक्स देणाऱ्याला हे तीन प्रश्न विचाराच, आणि उत्तर कागदावर घ्या. बॉक्स बदलला तर जुनी रेकॉर्डिंग नव्यावर चालतील का? रिचार्ज संपला तर आधीची रेकॉर्डिंग बघता येतील का? डिस्क कॉम्प्युटरला लावून फाइल काढता येईल का? बहुतेक ठिकाणी तिन्हीची उत्तरं नाही अशीच येतील, आणि ते चालेल. आज चुकलेलं उद्या बघायला असा बॉक्स उत्तम आहे. फक्त आपलं माणूस त्यात ठेवायचं नाही.

ठेवायचंच असेल तर वेगळी वाट आहे. सह्याद्रीसारखी दूरदर्शनची चॅनेलं डीडी फ्री डिशवर विनाशुल्क दिसतात. त्याची छत्री आणि यूएसबीवर रेकॉर्डिंग होणारा साधा बॉक्स बाजारात मिळतो, महिन्याचा रिचार्ज नाही. कुलूप नसलेल्या चॅनेलांची रेकॉर्डिंग अशा बॉक्सवर सहसा साध्या फाइलमध्ये उतरतात आणि कॉम्प्युटरवर चालतात. घेण्याआधी एक मिनिट रेकॉर्ड करून दुकानातल्या लॅपटॉपवर उघडून बघा, दुकानदार नाही म्हणत नाही. दुसरी वाट म्हणजे बॉक्सच्या मागच्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिना. त्यांतून निघणारं चित्र कॉम्प्युटरला लावायच्या छोट्या कॅप्चर कार्डाने घेता येतं. एचडीइतकं स्वच्छ येत नाही, पण साधी फाइल होते आणि ती तुमची असते. एचडीएमआयच्या वायरीतून हे जमत नाही, तिच्यातही कुलूप आहे. नव्या काही बॉक्सना पिवळी पिनच नसते, किंवा एकच बारीक भोक असतं ज्याला वेगळी वायर लागते. तेही आधीच बघून ठेवा. हे सगळं घरात बघण्यापुरतं. दुसऱ्याच्या कार्यक्रमाच्या प्रती काढून वाटणं किंवा विकणं हा वेगळा विषय आहे, त्यात पडू नका.

आता लाईट. कोकणात रेकॉर्डर घेणाऱ्याने डिस्कच्या आधी लाईटचा विचार करायला हवा.

कुणाच्याही जाहिरातीत नसलेली एक परीक्षा मी करते. रेकॉर्डिंग लावायचं, पाच मिनिटं चालू द्यायचं, आणि भिंतीवरचं बटण बंद करायचं. एक मिनिट थांबून परत चालू करायचं आणि रिमोटला हात न लावता बघत बसायचं. चार गोष्टी बघायच्या. बॉक्स आपणहून जागा होतो की लाल दिवा लावून झोपून राहतो? झोपून राहिला तर दुपारी लाईट गेली-आली की रात्रीची सगळी रेकॉर्डिंग बुडाली. दुसरं, अर्धवट राहिलेलं रेकॉर्डिंग पुढे सुरू करतो का? तिसरं, बंद व्हायच्या आधीची पाच मिनिटं उघडतात का, की फाइलच खराब होते? चौथं, पुढची लावून ठेवलेली रेकॉर्डिंग यादीत शिल्लक आहेत का? आमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत लाईट दिवसातून कितीदा जाते ते मोजायची सोय नाही. जो बॉक्स या परीक्षेत पहिल्या आणि चौथ्या प्रश्नाला नापास झाला, तो मी कितीही स्वस्त असला तरी घेणार नाही.

इन्व्हर्टर आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. लाईटवरून बॅटरीवर जाताना क्षणभराची फट पडते, तेवढ्यातही काही बॉक्स परत पहिल्यापासून सुरू होतात. इन्व्हर्टरच्या मागे बहुधा एक खटका असतो, त्यावर यूपीएस असं लिहिलेलं असतं. तो त्या बाजूला केला की फट कमी होते. मात्र आपल्याकडे व्होल्टेज डिम झालं की तो वरचेवर बॅटरीवर जातो, हे लक्षात ठेवा. आम्ही शेवटी वेगळाच मार्ग धरला. बॉक्सच्या ॲडॅप्टरवर १२ व्होल्ट असं छापलेलं होतं. वायफायच्या राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस, म्हणजे बॅटरीचा डबा, मिळतो, तळहाताएवढा. तोच बॉक्सला लावला. ॲडॅप्टरवर जितके अँपियर लिहिलेत तितके किंवा जास्त त्या यूपीएसवर असायला हवेत, आणि पिनेच्या आतलं टोक प्लस की मायनस ही खूण दोन्हींकडे जुळायला हवी. जुळत नसेल तर लावू नका, बॉक्स जळेल. डिस्कला वेगळा ॲडॅप्टर असेल तर तिलाही बॅकअप हवा. मोठ्या डिस्कचे वाचलेले पैसे इथे लावा.

पण आणखी एक गाठ आहे, आणि ती माझ्या ध्यानात फार उशिरा आली. घरातला बॉक्स चालू, टीव्ही इन्व्हर्टरवर चालू, आणि तरी पडद्यावर "सिग्नल नाही". का? वाडीतल्या खांबावर केबलचं मशीन असतं, नोड किंवा सिग्नल वाढवणारा ॲम्प्लिफायर, तेही लाईटवरच चालतं. वाडीची लाईट गेली की ते मेलं. म्हणून केबलवाल्याला विचारा, "भाऊ, तुमच्या नोडला आणि मधल्या ॲम्प्लिफायरला बॅटरी आहे का, आणि किती वेळ चालते?" घरापर्यंत थेट फायबर आलेली असेल तर मध्ये लाईटवर चालणारं मशीन बहुधा नसतं, ते सगळ्यात बरं. छत्रीला खांबावरच्या लाईटचं काही देणंघेणं नसतं. आमच्या वाडीत लाईट असताना केबल चांगली आणि लाईट गेल्यावर छत्री चांगली, असा तो हिशेब आहे.

मग छत्रीच घ्यावी का? आषाढातली मोठी सर आली की छत्रीचं चित्र आधी चौकटी-चौकटीचं होतं आणि मग जातं. तिच्या लहरी पावसाच्या पाण्यात विरतात. सर ओसरली की चित्र परत येतं, पण रेकॉर्डिंगमध्ये तेवढं भोक पडलेलं असतं. शिवाय आपल्याकडून छत्री आग्नेयेच्या अंगाला तोंड करून लावतात, आणि त्या बाजूला माड असला तर झावळी हलली की सिग्नल हलतो. उन्हाळ्यात बसवताना नीट दिसतं, दोन वर्षांत माड वाढतो. केबलचं उलट आहे. पावसाने तिला काही होत नाही, पण वारा सुटला आणि फणसाची फांदी वायरीवर पडली की दोन-तीन दिवस वाट बघायची. २०२० सालच्या ३ जूनला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडच्या बाजूला वायरी, खांब, सगळंच झोपलं होतं. अशा वेळी कुठलाच रेकॉर्डर कामाचा नाही, ते सोडून देऊ. रोजच्या पावसाचा विचार करा: तुमची वायर किती झाडांखालून येते ते एकदा खांबापर्यंत चालत जाऊन मोजा. आमच्या वायरीवर सहा झाडं आहेत. दोन मी छाटून घेतली.

खाऱ्या हवेचंही बघावं लागतं. एकदा महिनाभर आमची रेकॉर्डिंग मधूनमधून तुटत होती. दोष बॉक्सचा असावा असं सगळे म्हणत होते. मी वायरीची पिन काढून उजेडात धरली, तर मधल्या तारेवर हिरवट-तांबूस थर आणि टोकाला चक्क गंज. स्वस्त वायरीत ती तार आतून लोखंडी आणि वरून तांब्याचा मुलामा असते. मुलामा गेला की समुद्राची हवा आतलं लोखंड खाते. टोकाची वीतभर वायर कापून नवी पिन बसवली, रेकॉर्डिंग तुटायची थांबली. नवा बॉक्स घेताना वायरमनला तेवढं करूनच घ्यायला सांगा: जुनी टोकं कापा, पिना दाबून बसवायच्या घाला, हाताने पिळायच्या नकोत, आणि बाहेरच्या जोडावर रबरी टेप गुंडाळा. वायर घरात शिरते तिथे आधी खाली एक वळसा द्यायचा आणि मग वर नेऊन भोकातून आत घ्यायची. पागोळीचं पाणी वायरीवरून ओघळत येतं ते वळशाच्या तळाशी गळून पडतं, आत येत नाही. आणि दोन टीव्हींसाठी मध्ये फोडणी केली असेल, म्हणजे स्प्लिटर लावला असेल, तर रेकॉर्डिंगचा बॉक्स त्याच्या आधी घेता येतो का विचारा. दोन वाटा झाल्या की प्रत्येकीला निम्म्याहून कमी सिग्नल मिळतो.

मे अखेरीला किंवा हस्ताच्या पावसात आभाळ भरून आलं, की वीज चमकायच्या आधीच भिंतीवरचा प्लग तर काढताच, पण केबलची वायरही काढा. नुसता प्लग काढून भागत नाही, वीज वायरीतूनही येते.

बाकीच्या गोष्टी चटकन सांगते. कार्यक्रमांची यादी बॉक्सवर दिसते तिच्यातल्या वेळा दोन-चार मिनिटं पुढेमागे असतात. रेकॉर्डिंग आधी दोन आणि नंतर पाच मिनिटं वाढवायची सोय हवी, सामन्याला नंतर निदान एक तास. मालिका एकदा लावली की रोज आपोआप रेकॉर्ड व्हायला हवी. रोज लावायला लागत असेल तर चार दिवसांत सगळे कंटाळतात. जाहिराती पुढे ढकलायला तीसेक सेकंदांची उडी मारणारं बटण असेल तर अर्ध्या तासाची मालिका बावीस-तेवीस मिनिटांत होते. बॉक्स चोवीस तास जागा राहतो, म्हणून मागच्या पट्टीवर किती वॅट लिहिलंय ते वाचा. २० वॅट असेल तर जास्तीत जास्त महिन्याला १५ युनिट पडतील.

जुना बॉक्स कुणी विकत असेल तर आतून बघितल्याशिवाय घेऊ नका. २२ जुलै २०२१ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी दुकानांच्या पहिल्या मजल्याला लागलं, त्यानंतर भिजून वाळवलेल्या वस्तू बराच काळ हातोहात फिरत होत्या. भोकांतून टॉर्च मारला की कोपऱ्यात बसलेला मातीचा बारीक थर दिसतो. आणि जुना बॉक्स दुसऱ्याच्या नावावर असेल तर तो तुमच्या केबलवर चालेलच असं नाही, हे तर आलंच.

रिमोट मात्र ज्याच्या हातात राहणार आहे त्याच्याच हातात देऊन बघा. मी सासूबाईंना केबलवाल्याच्या दुकानात घेऊन गेले होते. त्यांना म्हटलं, कालचं लावून दाखवा. पहिल्या बॉक्सवर त्यांना सहा बटणं दाबावी लागली आणि मध्येच चुकल्या. दुसऱ्यावर यादीचं वेगळं बटण होतं, ते दाबलं की वरच सगळ्यात नवं रेकॉर्डिंग, मग ठीकचं बटण. दोन वेळा दाबायचं, झालं. आम्ही दुसरा घेतला. घरी आल्यावर त्या यादीच्या बटणावर मी लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला.

बॉक्स आता ओटीवरच्या फळीवर आहे, भिंतीपासून चार बोटं पुढे, वर-खाली मोकळा. सासूबाईंनी त्याच्यावर घालायला क्रोशाचा रुमाल विणला होता. आत चकती फिरते, तिला वारा लागतो, म्हणून तो रुमाल बॉक्सवर नाही, खालच्या फळीवर अंथरला आहे आणि त्याच्यावर छोटा यूपीएस ठेवला आहे. फळ्यांच्या मांडणीच्या चारही पायांना मुंग्यांसाठी हळदीची रेघ आहे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी वायरीची पिन काढून उजेडात धरते.